वायर अँटेनाचं झाडाकडचं टोक: रबर की कप्पी?

चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे त्या तरंगलांबीसाठी ताणून बांधलेल्या तारेचा अँटेना, एक टोक गच्चीवरच्या पायपाला आणि दुसरं परसातल्या नारळाला, ही कोल्हापुरात बऱ्याच हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींची मांडणी. पाईप जागचा हलत नाही. नारळ मात्र वळवाच्या वाऱ्यात असा झुलतो की वीस मीटर तारेचा जीव अक्षरशः टांगणीला लागतो. झाडाकडच्या टोकाला सैल सोडणारं काहीतरी हवंच. रबर आणि कप्पी, मी दोन्ही वापरून पाहिलंय.

रबर म्हणजे सायकलच्या ट्यूबची पट्टी, नाहीतर गाडीवर सामान बांधायची हुकवाली दोरी. स्वस्त आणि झटपट. वाईट म्हणवत नाही, पहिला पावसाळा सहसा निभावतो. पण रबर जितकं ताणावं तितकी त्याची ओढ वाढते. म्हणजे ऐन झोतातच तारेवर सगळ्यात जास्त भार. नरम तांब्याची तार मग हळूहळू लांबते आणि रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला नीट जुळतो ती) खाली सरकतो. स्टीलच्या स्प्रिंगचंही तेच, वर गंज.

एवढं मी चालवून घेतलं असतं. वैताग वेगळाच होता. उन्हानं रबराला तडे जातात आणि ते खालून दिसत नाहीत. बदलायचं तर झाडावर चढणारा गडी हवा, आणि वळवाच्या तोंडावर त्याला अख्ख्या गल्लीतून बोलावणं असतं. "उद्या येतो की, भावा" म्हणतो आणि चार दिवस फिरकत नाही. दहा-वीस रुपयांच्या रबरासाठी दरवर्षी एवढी मनधरणी कोण करणार?

कप्पी झाडावर बांधायची, तारेच्या टोकाची दोरी तिच्यावरून खाली आणायची आणि तिला वजनाचा कॅन लटकवायचा. कप्पीलाही गडी लागतो, पण एकदाच. दोरी भरपूर लांब ठेवली की पुढची सगळी कामं जमिनीवरून होतात. झाड कसंही झुलो, वजन वरखाली होतं आणि तारेवरचा ताण जवळपास तेवढाच राहतो.

तिचीही कुरबुर आहे. दोरी बारीक असली तर चाकाच्या कडेला घसरून अडकते, म्हणून खाचेत नीट बसणारी घ्यावी, शक्यतो पॉलिएस्टरची. नायलॉन फार ताणतं. वजनाचा कॅन कंपाऊंडवर आपटायचा. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, "रात्री दार कोण वाजवत होतं ओ?" मग कॅनला जुन्या ट्यूबचे वेढे दिले. रबर शेवटी तिथं कामी आलं! कॅनखाली कुणाची ये-जा मात्र नको, तार तुटली तर तो थेट खाली येतो.

दोन्ही टोकं इमारतींवर असतील तर कप्पीचा खटाटोप कशाला, रबर पुरे. झाड असेल तर मी कप्पीच म्हणेन. वजन ठरवताना कॅनमध्ये आधी पाणी ओतत जा. लिटरला किलो, हिशेब सोपा. तारेचा झोळ मनासारखा आला की तेवढ्याच वजनाची वाळू भरा, पाणी उन्हाळ्यात आटतं.