१०९८: टोळीत अडकलेल्या मुलीसाठी ही हेल्पलाइन किती कामाची?

जळगाव, धुळे, भुसावळला टोळक्यात एखादी मुलगी दिसली, की ‘असेल कुणाची तरी मैत्रीण’ म्हणून लोक सोडून देतात. टोळीच्या ते पथ्यावरच पडतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा कायदा, म्हणून चाकू, गांजाची पुडी, चोरीचा मोबाइल तिच्या सॅकमध्ये. समोरच्या ग्रुपमधल्या पोराला गोड बोलून बोलवायचं, तर इन्स्टाही तिचंच. पकडली गेली की बदनामी तिची, भाई मोकळा.

अशा मुलीसाठी १०९८, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर, लावावाच. फुकट आहे, चोवीस तास चालतो, शेजारी, शिक्षक किंवा ती स्वतःही लावू शकते. पण ‘पोरगी हाताबाहेर गेली’ एवढंच सांगाल तर ते घरचं भांडण वाटतं. वय सांगा, शाळा सुटली का ते सांगा, कोणता मोठा माणूस तिच्याकडून काय करवून घेतो आणि आज रात्री ती कुठे असेल तेही सांगा. हाणामारी सुरूच असेल तर थेट ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर. २०२३ मध्ये महिला व बालविकास खात्यानं हेल्पलाइन हाती घेऊन ती ११२ शी जोडली, हे चांगलं झालं.

खरी कसोटी फोननंतर. संरक्षणाची गरज असलेली मुलगी २४ तासांत बालकल्याण समितीसमोर आणि गुन्ह्यात धरलेली बाल न्याय मंडळासमोर जायला हवी (प्रवासाचा वेळ सोडून). तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडीही घालता येत नाही. ठाण्यात गेलात तर ‘साहेब’ न म्हणता ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?’ असंच विचारा. ते पद प्रत्येक ठाण्यात असायलाच हवं.

सगळ्यात जास्त घोळ घरचेच घालतात. रागाच्या भरात मोबाइल आपटतात, चॅट उडवतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ८३ मुलांकडून बेकायदा काम करवून घेणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगतं, पण हुकूम कुणी दिला हे त्या चॅटमध्येच असतं. फोन बंद करून जसाच्या तसा ठेवा. दुसरा घोळ म्हणजे अठराच्या आत लग्न लावून मोकळं होणं. तो गुन्हा आहेच, शिवाय तिची सुटकाही नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो पाठपुराव्यासाठी: मुलगी घरी परतली की टोळी त्याच गल्लीत असते, आणि हेल्पलाइनचं काम तिला समितीपर्यंत पोचवण्याचं. म्हणून समितीसमोरच लेखी मागा, की घरी भेट द्यायला कोण येणार, कधी येणार आणि शाळेत पुन्हा नाव कोण घालणार.