लक्ष्मीपूजनातला १९११ चा रुपया आणि फोर्टमधील नाणेविक्रेत्याचे मूल्यांकन

आजीच्या पितळी डब्यात सतरा राणीछाप रुपये आणि पंचम जॉर्जचा १९११ चा एक रुपया निघाला. सोनाराने सगळी नाणी एकत्र तोलून मोडीचा भाव सांगितला, पण मन मानेना, म्हणून ती मी मुंबईत फोर्ट भागातील एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे नेली.

राणीछाप रुपये त्यांनी पाचेक मिनिटांत बाजूला ठेवले; बहुतेक सहज मिळणाऱ्या वर्षांचे होते आणि झिजलेलेही. १९११ च्या रुपयाला मात्र त्यांनी अर्धा तास दिला. प्रथम वजन केले: पुरा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्याहून किंचित कमी भरले. मग कमळाखालचा मुंबई टांकसाळीचा ठिपका दाखवला आणि भिंग माझ्या हाती देऊन राजाच्या झग्यावरील साखळीतला हत्ती पाहायला सांगितले. सोंड इतकी आखूड, की तो डुक्कर वाटावा! त्यावरून लोक दुखावले, सरकारने नाणी मागे घेतली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर पडली होती, उरलेली वितळवली गेली, आणि १९१२ च्या रुपयावर सोंड स्पष्ट असलेला हत्ती आला.

एवढी कहाणी ऐकवून एखादा विक्रेता भाव चढवू शकला असता. यांनी उलट आपणहून सांगितले की ७ लाख ही संख्या लहान नव्हे, हे नाणे संग्राहकांना हवेसे असले तरी मिळते; खरी टंचाई षष्ठ जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाची, म्हणूनच १९३८ च्या नाण्यातील आठाचा नऊ केलेले बनावट नमुने बाजारात फिरतात. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

दर वर्षी लक्ष्मीपूजनाआधी आम्ही तो रुपया चिंचेने घासत आलो, त्यामुळे मूळची झळाळी गेली असून पृष्ठभागावर बारीक ओरखडे आहेत. तेवढ्यामुळे किंमत जवळजवळ निम्मी झाली, हे ऐकताना वाईट वाटले, तरी सांगितलेला भाव चांदीच्या किमतीहून बराच अधिक होता. एकच उणीव जाणवली: मूल्यांकन लेखी मिळाले नाही, आणि वाटणीच्या वेळी भावंडांना दाखवायला तसा कागद हवा होता.

रुपया मी विकलेला नाही. दिवाळीत तो पाटावर मांडू, मात्र चिंच लावणार नाही.