क्वायवरचा पूल उभा राहतो तो मधल्या तासात

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) म्हटलं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात: कैद्यांनी शिट्टीवर वाजवलेलं 'कर्नल बोगी' आणि शेवटी नदीत कोसळणारी आगगाडी. डेव्हिड लीन यांच्या या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली आणि आज इतक्या वर्षांनीही थोर युद्धपटांच्या यादीत त्याचं नाव वरच असतं. ही कीर्ती त्याने कमावलेली आहे. पण ज्या दोन गोष्टींमुळे तो लक्षात राहतो, त्यांच्यापेक्षा मोलाचं काम मधल्या तासाभरात झालंय. आणि इतिहास म्हणून पाहायला बसलात तर तो साफ दिशाभूल करतो.

आधी तो मधला तास. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर शरण गेलेली एक ब्रिटिश बटालियन सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जंगलातल्या छावणीत येते. छावणीप्रमुख कर्नल साइतो याला १२ मेपर्यंत रेल्वेपूल हवा आहे आणि कैदी अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करावी असा त्याचा हुकूम आहे. बटालियनचा प्रमुख कर्नल निकल्सन अशा कामाला मनाई करणाऱ्या जिनिव्हा कराराची प्रत पुढे करतो आणि साइतो तीच त्याच्या तोंडावर मारतो. मग निकल्सनची रवानगी उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोपटात होते. इथवरचा संघर्ष चांगला आहे, पण ओळखीचा आहे. निकल्सन जिंकतो आणि चित्रपट खरा वर चढतो तो त्यानंतर. साइतो माघार घेतो ती १९०५च्या रशियावरील विजयाच्या स्मृतिदिनाचं निमित्त करून. बाहेर कैद्यांचा जल्लोष चाललेला असताना हा माणूस खोलीत एकटा रडतो. सेस्सू हायाकावा यांनी हे ज्या संयमाने केलंय, त्यासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचं नुसतं नामांकन मिळालं. पुरस्कारही मिळायला हवा होता.

मग येते ती बैठक. पटकथा कशी लिहावी हे शिकायचं असेल तर हा प्रसंग दोनदा पाहा. टेबलाच्या एका टोकाला साइतो बसलेला आणि सगळी सूत्रं मात्र निकल्सनच्या हातात. रीव्ह्ज हा हिंदुस्थानात पूल बांधलेला इंजिनिअर. तो सांगतो की जपान्यांनी निवडलेल्या जागी नदीचा तळ मऊ गाळाचा आहे, गाडीचा भार आला की खांब खचत जाणार. पूल खालच्या अंगाला, कठीण तळ लागतो तिथे हलवायला हवा. दुसरा अधिकारी ह्यूजेस मजुरांच्या वाटणीचा हिशेब मांडतो: टोळ्या नीट पाडल्या नाहीत, एकमेकांच्या पायात येतात, म्हणून काम साचतं. निकल्सन स्वतःच्याच माणसांचा रोजचा मातीकामाचा कोटा वाढवून देतो. चहा मागवतो. जेवणाचीही सोय करायला सांगतो. आणि साइतोकडून पुन्हा तेच उत्तर येतं, की तसा हुकूम मी आधीच दिला आहे. आवाज न चढवता, एकही गोळी न झाडता सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दिसते. त्याच क्षणी जिंकणारा माणूस शत्रूचा कंत्राटदार झालेला असतो, आणि हे त्याच्या गावीही नसतं.

पुढचं सगळं या बैठकीतून तर्काने उलगडत जातं. जवळच्या झाडांचं लाकूड एल्मसारखं आहे आणि लंडनच्या जुन्या पुलाचे एल्मचे खांब ६०० वर्षं टिकले, असं रीव्ह्ज सांगतो तेव्हा निकल्सनचा चेहरा उजळतो. डॉक्टर क्लिप्टन विचारतो, इतकं चांगलं काम करणं म्हणजे शत्रूला मदत नाही का? निकल्सनचं उत्तर शिस्तीचं आहे: रिकाम्या हातांची पलटण म्हणजे बेशिस्त जमाव. हे उत्तर खोटं नाही, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. वेळ कमी पडायला लागते तेव्हा तो आपल्या अधिकाऱ्यांना कामाला लावतो आणि इस्पितळातल्या आजाऱ्यांना उठवून आणतो. ज्या हुकुमासाठी तो त्या खोपटात मरायला तयार होता, तोच हुकूम तो आता आपणहून अमलात आणतो. निकल्सन साकारणाऱ्या ॲलेक गिनेस यांनी कुठेही खलनायकी छटा येऊ दिलेली नाही. पूल पूर्ण झाल्यावर संध्याकाळी कठड्याशी उभा राहून तो आपल्या २८ वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडतो आणि हिंदुस्थानावर आपलं प्रेम आहे म्हणतो. वसाहतीतल्या एका प्रामाणिक नोकराचं हे चित्र आपल्याकडच्या प्रेक्षकाला जरा जास्तच टोचतं.

कमकुवत भाग शीअर्सचा, म्हणजे छावणीतून निसटून पूल उडवायला कमांडो तुकडीबरोबर परतणाऱ्या अमेरिकन कैद्याचा. विल्यम होल्डन यांचं काम उत्तम आहे, पण पळून जाणं, सिलोनचं इस्पितळ, परिचारिका आणि परतीची जंगलवाट यांत चित्रपट पसरतो. १६१ मिनिटांतली निदान वीस मिनिटं इथे कापता आली असती. सामान वाहणाऱ्या सयामी मुलींना सजवून आणलंय, काम त्यांना जवळजवळ काहीच नाही.

शेवटाची रचना मात्र चोख आहे. कमांडो रात्री पाण्याखाली खांबांना स्फोटकं बांधतात, त्यांची तार नदीतून खाली नेली जाते. गाडी येणार असल्याची खबर मिळाल्यामुळे पूल आणि गाडी एकाच वेळी उडवायची, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं ठरतं. या थांबण्यातच सगळा घोटाळा आहे. रात्रीत पाणी ओसरतं, तार उघडी पडते, आणि आपल्या पुलावर शेवटची नजर फिरवणाऱ्या निकल्सनला ती दिसते. कट उधळतो तो त्याच्याच निगराणीमुळे. फितुरीची गरजच पडत नाही. तो जाणूनबुजून स्फोट घडवणाऱ्या दट्ट्यावर पडतो की कोसळताना पडतो, हे लीन यांनी मुद्दाम अस्पष्ट ठेवलंय. पियेर बूल यांच्या मूळ कादंबरीत पूल उडतच नाही. पडद्यावर तो उडाला हे मला योग्य वाटतं, कारण निकल्सनला आपण काय केलं हे दिसण्यासाठी तो पडावा लागतो.

हा पूल खरोखर बांधला होता, सिलोनमध्ये कितुलगला इथे केलानी नदीवर. उडवण्याच्या पहिल्या प्रयत्नात एका कॅमेऱ्याकडून इशारा आला नाही म्हणून स्फोट थांबवला, आणि गाडी पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. दुसऱ्या प्रयत्नात मिळालं ते दृश्य आज आपण पाहतो. श्रेयनामावलीची कथा कमी वाईट नाही: कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन हे पटकथाकार कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्याने पटकथेचं ऑस्कर फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बूल यांच्या नावावर गेलं. दोघांना ते दिलं गेलं १९८४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

आता दिशाभूल कुठे आहे ते. जपानी इंजिनिअरांना पूल बांधता येत नव्हता, ही कल्पना धादांत खोटी आहे. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे, सुमारे ४१५ किलोमीटर, त्यांनी आखली आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण करून घेतली. या रेल्वेवरचा, थायलंडमधल्या तामारकानचा खरा पूल काँक्रीटच्या खांबांवर, जावातून आणलेल्या पोलादी कमानींचा होता आणि शेजारी एक लाकडी पूलही होता. ते पडले विमानांच्या बॉम्बने. तिथले ब्रिटिश अधिकारी कर्नल फिलिप टूसी निकल्सनच्या अगदी उलट वागले: लाकडात वाळवी सोडणं, काँक्रीट कच्चं कालवणं हे प्रकार त्यांच्या माणसांनी केले. ती नदीही क्वाय नव्हती, मे क्लाँग होती. चित्रपट गाजल्यावर पर्यटक येऊ लागले, तेव्हा १९६०च्या सुमारास तिच्या त्या भागाला ख्वे याई हे नाव दिलं गेलं.

सर्वांत मोठी उणीव माणसांची आहे. या रेल्वेवर सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले, त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर होते: मलायातल्या रबर मळ्यांवरचे तमिळ, ब्रह्मी, जावाचे, मलाय. त्यांच्यातल्या मृतांचा आकडा साधारण ९० हजार धरला जातो. त्यांच्यामागे ना पलटणीची शिस्त होती, ना पुरेसे डॉक्टर. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या संपत. चित्रपटात यांतला एकही मजूर नाही. कैदीही बरेच धडधाकट दिसतात.

पाहायचाच तर मूळ रुंद चौकटीतली, २०१०च्या सुमारास मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत शोधा. दूरचित्रवाणीसाठी बाजू कापलेल्या जुन्या प्रतीत वादाच्या प्रसंगात साइतो किंवा निकल्सन यांपैकी एक जण चौकटीबाहेर जातो, आणि त्या बैठकीचा सगळा तोल टेबलाच्या दोन टोकांमधल्या अंतरावर उभा आहे.