मँडरीनचा खेळवर्ग: दहा महिने, ४० वर्ग आणि मोज्यांच्या ६ जोड्या

मोज्यांपासूनच सुरुवात करतो. लहान मुलांना मँडरीन, म्हणजे चिनी भाषा, शिकवणाऱ्या या खेळवर्गांबद्दल सिंगापुरातले मराठी आईबाप एकमेकांना सगळं सांगतात. लाओशी, म्हणजे बाई, कशा आहेत, वर्गात मुलं किती, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपासून किती चालावं लागतं. मोज्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

सिंगापुरात बारा महिने उकाडा. आपण सगळे स्लिपर अडकवून फिरणारे. पण वर्गाच्या दारात पाटी: तळाला रबरी ठिपके असलेले मोजे सक्तीचे, बाळालाही आणि सोबतच्या मोठ्या माणसालाही. विसरलात तर काउंटरवर मिळतील, जोडी पाच डॉलर. पहिल्या दिवशी आमच्या लेकीचे, चिऊचे घेतले, माझे घेतले. तिसऱ्या आठवड्यात माझे घरी राहिले, परत घेतले. मग नाशिकहून आई आली आणि तीच वर्गाला जाऊ लागली, तिचे घेतले. तिच्या जोडव्यांत अडकून ते दुसऱ्याच आठवड्यात उसवले, परत घेतले. तोवर चिऊचा पाय वाढला. सहा जोड्या, तीस डॉलर. तसलेच मोजे आमच्या इमारतीखालच्या दुकानात दोन डॉलरला मिळतात हे पाचव्या जोडीनंतर कळलं. कळूनही सहावी काउंटरवरच घ्यावी लागली, कारण दुकान उघडतं दहाला आणि वर्ग साडेनऊचा.

आता वर्गाकडे वळतो. मँडरीनच का, हे आम्हाला अजून प्रत्येक गणपतीत कोणी ना कोणी विचारतं. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ घेता येते. हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही घेता येतात. मराठी त्या यादीत नाही. म्हणजे आपल्या पोरांना दुसऱ्या कोणाची तरी मातृभाषा आपली म्हणून लिहायची. बहुतेक जण हिंदी घेतात. बायकोचं म्हणणं, दुसऱ्याचीच घ्यायची तर निदान लिफ्टमध्ये उपयोगी पडेल अशी घेऊ, आणि चिनी मागायला आपल्यालाही मोकळीक आहे. माझा भाषेला विरोध नव्हता, फीला होता.

दहा वर्गांच्या सत्राचे ४२० डॉलर, वर नऊ टक्के जीएसटी, म्हणजे ४५७ डॉलर ८० सेंट. वर्ग ४५ मिनिटांचा. मिनिटाला डॉलर पडतो. चिऊ तेव्हा एकवीस महिन्यांची होती आणि पहिले सहा वर्ग तिने माझ्या मांडीत तोंड खुपसून काढले. बाकीची पोरं रंगीत कापडाखाली पळतायत, तांदळाच्या टबातून प्लॅस्टिकची फळं शोधतायत, लाओशी प्रत्येकाचं नाव गाण्यात घालून हाक मारतायत, आणि मला रिक्षाचं मीटर पडताना ऐकू येतंय. आईला फी मी रुपयांत सांगितलीच नाही.

पहिल्या सत्राअखेर चिऊकडे दोन शब्द होते. एक ‘माओ’, म्हणजे मांजर. आता आमच्या घरी ती आधीच माऊ होती, त्यामुळे हा शब्द वर्गाच्या खात्यावर जमा करायला मी तयार नव्हतो. दुसरा ‘बूयाओ’, म्हणजे नको. हा मात्र तिने असा उचलला की विचारू नका. दूध? बूयाओ. आंघोळ? बूयाओ. शेवटी आजी? तर तिलाही बूयाओ. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पैसे जपा, बालवाडीत मँडरीन असतेच.

आई आल्यावर चित्र जरा बदललं. ती नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाली. तिला कुठल्याही वर्गात नुसतं बसता येत नाही. दुसऱ्याच दिवशी तिने दोनशे पानी वही काढली आणि लाओशींचं सगळं देवनागरीत उतरवायला लागली. आणि मग तिने मला जे दाखवलं ते मी इतकी वर्षं इथे राहूनही ऐकलं नव्हतं. रोमन लिपीत ते ‘बाबा’ लिहितात पण म्हणताना आवाज आपल्या ‘प’चा येतो. ‘पी’ लिहितात तिथे आपल्या फळातला ‘फ’ लागतो. गुड मॉर्निंगला म्हणतात तो ‘चाओ’ घ्या. माझे इंग्रजी बोलणारे शेजारी तो ‘झाओ’ म्हणतात, हिंदीवाले ‘जाओ’ म्हणतात. आई म्हणाली, “अरे, हा तर आपल्या चाकातला च. चिंचेतला नाही, चाकातला.” मराठी माणसाकडे दोन च आहेत याचा आयुष्यात पहिल्यांदा काही फायदा झालेला पाहिला. लाओशींनी आईचा ‘चाओ’ ऐकून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आई मोज्यांबद्दलही तक्रार करेनाशी झाली.

सूर मात्र तिला जड गेले. मँडरीनमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि असे चार सूर आहेत: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि धाडकन पडणारा. वहीत ती अक्षरांवर मात्रांसारखे बाण काढते. यात एक घरगुती गोंधळही झाला. सपाट सुरात ‘मामा’ म्हणजे आई. पुण्याहून चिऊच्या मामाचा व्हिडिओ कॉल आला, तो “मामा कुठेय, मामा कुठेय” विचारतोय आणि ही प्रत्येक वेळी बायकोकडे बोट दाखवतेय. मामा अजून रुसलेला आहे.

आकड्यांवरून आईचा जो पराभव झाला तो तर लिहायलाच हवा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं होतं, आठवत असेल. केवढा गदारोळ झाला. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते, आणि आमची आई घरी टीव्हीसमोर बसून त्यांना उत्तरं देत होती. आता इथे लाओशींनी सांगितलं, एकवीस म्हणजे ‘अर-श-ई’, दोन-दहा-एक. नव्व्याण्णव म्हणजे नऊ-दहा-नऊ. अकरा ते नव्व्याण्णव एकही नवा शब्द नाही. आई बराच वेळ गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, “एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये माझी निम्मी पोरं दरवर्षी अडकायची.” एवढंच. नारळीकरबाईंचं नाव मात्र तिने काढलं नाही.

आता भांडण. तिसऱ्या सत्रात चिऊला हँड-फूट-माउथ हा लहान मुलांचा संसर्गजन्य आजार झाला. इथे तो कधी ना कधी होतोच, तक्रार नाही. एक आठवडा त्यात गेला. पुढच्या आठवड्यात अजून दोन मुलांना झाला म्हणून केंद्रानेच वर्ग बंद ठेवून धुऊन काढला. तिसऱ्या आठवड्यात नुसताच ताप. तीन वर्ग गेले, त्यातला एक त्यांनी स्वतः बंद ठेवलेला. नियम असा, की एका सत्रात भरपाईचा वर्ग एकच. बाकीच्या दोनसाठी त्यांनी व्हिडिओची लिंक पाठवली.

ही लिंक पाहून माझं डोकं फिरलं, आणि त्याला कारण आहे. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला. पंचवीस-पंचवीस मिनिटांची बारा सत्रं, सगळी मँडरीनमध्ये. काही बाळांसमोर खेळणी घेऊन जिवंत माणूस बसला. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. जिवंत माणसाबरोबर खेळलेली बाळं मँडरीनमधले जवळजवळचे आवाज वेगळे ओळखू लागली. पडद्यावाल्यांना आणि नुसतं ऐकणाऱ्यांना काहीही फायदा झाला नाही. हा प्रयोग मला माहीत कसा? या केंद्राच्याच माहितीपत्रकात, दुसऱ्या पानावर, बाळाच्या गोड फोटोखाली छापलाय! तो कागद मी काउंटरवर ठेवला आणि विचारलं, मग ही लिंक मी कोणाला दाखवू? काउंटरवरच्या मुलीची चूक नव्हती, ती बिचारी कसनुशी हसली. वीस मिनिटांनी मॅनेजर आल्या. दहा डॉलरचं कुपन दिलं. फीला चालत नाही, काउंटरवरच्या वस्तूंना चालतं. काउंटरवर काय मिळतं ते वर लिहिलंच आहे.

इथवर शनिवारी लिहून ठेवलं होतं, आणि शेवटची ओळ ‘घेऊ नका’ अशी होती. आज बुधवार आहे, ती ओळ खोडली.

सोमवारी रात्री आम्ही खाली हॉकर सेंटरला जेवत होतो. चिऊने सूपचा वाडगा ढकलून दिलेला. मी लाडात येऊन म्हटलं, “चल, तांग पिऊन टाक.” तांग म्हणजे सूप, वहीतून पाठ केलेलं. चिऊ एकदम ताठ बसली, टेबलावर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठेय?” मला कळेना. पलीकडच्या टेबलावरच्या काकू हसायला लागल्या. माझा सूर चढा गेला होता. सपाट तांग म्हणजे सूप, चढता तांग म्हणजे गोळी-चॉकलेट. मग काकूंनी वाडग्याकडे बोट दाखवून सपाट सुरात तेच म्हटलं, तर चिऊ वैतागून म्हणाली, “तांग बूयाओ.” सपाट. तंतोतंत.

अडीच वर्षांच्या पोरीने माझी चूक ऐकली होती. मी दोन सत्रं तिथे तिच्याबरोबर बसलोय, मला अजून तो फरक ऐकू येण्यासाठी डोळे मिटावे लागतात.

तर हिशेब परत मांडतो. चार सत्रांचे १८३१ डॉलर २० सेंट, मोजे ३०. बायकोने मोजले तसे चिऊ साठेक शब्द बोलते. शब्दाला एकतीस डॉलर. पण हा हिशेब लबाडीचा आहे हे आता मलाच कळतंय, कारण ती बोलते त्याच्या कितीतरी पट तिला समजतं, आणि ते मोजायला माझ्याकडे वही नाही.

शिवाय सगळं श्रेय वर्गालाही देता येत नाही. आमच्याच मजल्यावर एक आजी राहतात, त्यांना चिऊ ‘पोपो’ म्हणते. त्यांच्या लहानपणी घरात तेओच्यू ही चिनी बोली चाले. १९७९ साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी मँडरीन बोलण्याची मोहीम काढली, तेव्हा त्या नोकरी करत होत्या. हाफिसात फलक लागले आणि त्या तरुणपणी मँडरीन नीट बोलायला शिकल्या, पुढे मुलांशी तीच बोलल्या. आता नातवंडं त्यांना इंग्रजीत उत्तर देतात. त्यामुळे लिफ्टमध्ये चिऊने “पोपो चाओ” म्हटलं की त्या दार धरून ठेवतात, लिफ्ट ओरडत राहते. लाओशी उत्तर चीनच्या, त्यांनी बाजाराला ‘त्साय-श-छांग’ शिकवलं. पोपोंनी ते हसून बाजूला केलं आणि ‘बाशा’ शिकवलं, मलाय ‘पासार’वरून आलेला खास इथला शब्द. पासार मुळात फारसी बाजार. आई म्हणाली, म्हणजे हाही आपलाच. वहीत दोन्ही आहेत.

लायब्ररीचंही सांगायला हवं. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या शाखांमध्ये लहान मुलांसाठी मँडरीन गोष्टींचे कार्यक्रम होतात, फुकट. चिनी चित्रपुस्तकांची कपाटं आहेत. मोजे लागत नाहीत. हे मला पहिल्या महिन्यात माहीत असतं तर कदाचित दोन सत्रं वाचली असती. पण मी तिला तिथे नेलं असतं का? पैसे भरलेले नसते तर पावसात बाहेर पडलो नसतो, हे कबूल करतो. आणि तिथे सगळ्यांना मिळून एक गोष्ट. चिऊचं नाव गाण्यात घालून, तिने मान वर करेपर्यंत थांबणारं कोणी नाही. लाओशी सहा आठवडे थांबल्या होत्या.

घरात कोणीच मँडरीन बोलत नसेल आणि लिफ्टमध्ये पोपो नसतील, तर आठवड्याला ४५ मिनिटांवर विसंबू नका. सोबत जाणाऱ्याने फोन बघत बसायचं असेल तर मुळीच जाऊ नका. भरपाईचा नियम पैसे भरण्याआधी कागदावर मागून घ्या, आणि केंद्राने स्वतः बंद ठेवलेला वर्ग कोणाच्या खात्यात धरतात ते विचाराच.

मी पाचवं सत्र भरलंय, कुरकुरत. त्यानंतर चिऊ तीन वर्षांची होते आणि पुढच्या वर्गात जाते. तिथे पालकांना आत घेत नाहीत, म्हणजे मोजे एकट्या तिचेच. दहा डॉलरच्या कुपनात दोन जोड्या बसतात.