पहिला डोस खरा, बाटली खोटी

मिरगाच्या तोंडावर सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर मोटारसायकलवरून गुरांचे औषध विकणारे फिरतात. गेल्या पावसाळ्यात यातल्या एकाने बऱ्याच गोठ्यांना गंडवले. त्याची युक्ती साधी आहे आणि ती पुन्हा वापरली जाणार, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

दावणीला असलेल्या रेडकांतले एक तो स्वतः निवडतो: साधारण महिना-दीड महिन्याचे, पोट सुटलेले, केस राठ, शेण मातकट आणि घाण वासाचे. त्याला खिशातल्या छोट्या बाटलीतून फुकट डोस देतो. एक-दोन दिवसांत शेणात पांढरट, वीतभर लांब जंत पडतात. मग काय, अख्खी वाडी डिकीतल्या लिटरच्या बाटल्या घेते, दुकानातल्या अर्ध्या भावात.

ती छोटी बाटली खरी असते. हे गोलजंत (टॉक्सोकारा व्हिटुलोरम) म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात आणि पायपरॅझिन या स्वस्तातल्या जंतनाशकानेही मरतात. मोठ्या बाटलीत काय असते ते देवाला ठाऊक. वाडीतल्या रेडकांचे शेण डोसच्या दिवशी आणि पुन्हा चौदा दिवसांनी तपासले, तेव्हा जंतांची अंडी जशीच्या तशी होती. अल्बेंडाझोल हे नेहमीचे जंतनाशक दुधासारखे पांढरे दिसते आणि खडूचे पाणीही तसेच दिसते. तळाशी घट्ट थर बसून वर नितळ पाणी आले तर शंका घ्यावी. पण हलवून एकजीव झाले म्हणजे औषध खरे, असेही नाही.

फसवणूक लवकर लक्षात येत नाही याचे कारण वेगळेच आहे. चार-पाच महिन्यांचे होईतो रेडकू हे गोलजंत बहुधा आपोआप टाकून देते आणि श्रेय बाटलीला जाते. ज्याचे रेडकू त्याआधीच दगावते, तो नशिबाला बोल लावतो.

दुसरी थाप ‘सगळ्या जंतांवर एकच औषध’ ही. पायपरॅझिन गोलजंतांपलीकडे फारसे काही करत नाही. भाताच्या खाचरांत गोगलगायींमुळे पसरणाऱ्या यकृतकृमीवर त्याचा उपयोग शून्य. यकृतकृमीने जबड्याखाली पाणी उतरलेले मोठे वासरू त्या बाटलीच्या भरवशावर ठेवले की हातचे गेले. शेणात रक्त असेल तर बहुतेक वेळा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी असतो. त्याला जंतनाशक चालतच नाही, औषध वेगळे लागते.

मात्रा सांगण्याची त्याची रीत तर जीवघेणी: ‘एक टोपण द्या, नाही लागू पडले तर दोन.’ बाटलीत चुकून लेव्हामिसोल हे दुसरे जंतनाशक असले तर दुप्पट डोसने रेडकू लाळ गाळत थरथरू लागते. मात्रा वजनावर ठरते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी उठून दिसणाऱ्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 32 आणि लांबी 30 असेल तर साधारण 46 किलो. गोलजंतांसाठी अल्बेंडाझोल किलोला 7.5 मिलिग्रॅम, म्हणजे 2.5 टक्क्यांचे औषध असेल तर 14 मिली. लेबलवरची टक्केवारी आधी वाचा. 10 टक्क्यांच्या औषधात तेच काम साडेतीन मिलीत होते.

तो विक्रेता रेडकाचे तोंड आभाळाकडे करून बाटली ओततो. औषध फुप्फुसात जाते, रेडकू खोकते आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया. नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका. गालाच्या कडेने, सिरिंजने, थांबत थांबत सोडा.

पहिला डोस दहा-पंधरा दिवसांच्या वयात द्यायचा, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. त्यानंतर शेण तपासल्याशिवाय नको. नमुना गुदद्वारातून हातमोजा घालून ताजा काढा, झाकणाच्या डबीत भरा आणि थंड ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. यकृतकृमीची शंका असेल तर तसे सांगा. तिची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगवून सापडत नाहीत.

मांसासाठी वाढवलेल्या रेड्यांबाबत आणखी एक अडचण. औषध दिल्यानंतर किती दिवस कापायचे नाही, हे लेबलवर असते. लेबलच नसेल तर ते दिवस मोजणार कसे?

गुरांची औषधे विकायलाही परवाना लागतो. बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा, पक्के बिल मागा. बिलाचे नाव काढताच तो गाडीला किक मारतो, एवढे पुरे. कुणी आधीच घेतली असेल तर उरलेली बाटली फेकू नका. टोपण, लेबल, गाडीचा नंबर यांचे फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार विकत घेतलेले औषध कुणालाही ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. रेडकू आडवे झाले असेल तर हे सगळे नंतर. आधी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा आणि दिलेली बाटली डॉक्टरांना दाखवा.