सर्फ फिशिंगसाठी सेकंडहँड कन्व्हेन्शनल रील घेताय? माझे २१,१५० गेले, आधी हे वाचा

आधी आकडा सांगतो म्हणजे कोणी विचारायला नको. ५,००० बुकिंगचे, १३,५०० पार्सल पाठवायच्या आधी, आणि वर २,६५० इन्शुरन्सचे, जे म्हणे परत मिळणार होते. एकूण २१,१५० रुपये. गळाच्या काठीला लावायची, दोरी गुंडाळायची रील मागवली होती, बदल्यात जे घरी आलं ते बाजारात हजार-बाराशेला मिळतं. लिहायला लाज वाटतेय, पण ज्याने ती विकली तोच माणूस वेगळ्या नावाने अजून गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, ग्रुपमध्ये फिरतोय आणि परवाच एका पोराने मला "दादा ही रील घेऊ का" म्हणून जो फोटो पाठवला तो तोच फोटो होता, म्हणून लिहितोय.

"एवढे पैसे रीलवर घालवायचेच कशाला" हे मी आता सगळ्यांकडून ऐकून घेतलंय, तर त्याचंही उत्तर देऊन टाकतो. मी रत्नागिरीच्या बाजूला पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत उभा राहून, गरवतो. पावसाळा संपता संपता पाण्याला जी ओढ असते, त्यातून उधाणाची भरती असेल तर तीन औंसाचं शिसं जागेवर राहतच नाही, वाहत वाहत कडेला येतं. पाच औंस लागतं, म्हणजे साधारण १४० ग्रॅम, वर बांगड्याचा तुकडा, आणि ते सगळं दुसऱ्या लाटेच्या पलीकडे पडायला हवं कारण रावस तिथे असतो. स्पिनिंग रीलने (त्यात स्पूल जागेवर राहतं आणि रोटर त्याच्याभोवती फिरून दोरी गुंडाळतो) हे होत नाही असं नाही, होतं, मी वर्षानुवर्षं तेच केलंय. पण पाखट लागलं आणि तळाला चिकटून बसलं की स्पिनिंगचा रोटर कसा कुरकुरतो ते ज्याने अनुभवलंय त्याला कळेल. कन्व्हेन्शनलमध्ये स्पूल स्वतः फिरतं, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सरळ ड्रमवर येतो, कुठे ९० अंशात वळत नाही, जाड तंगूस चालतो, ओढायला ताकद मिळते. फेकायला अवघड, अंगठा शिकवावा लागतो, गुंता होतो, सगळं मान्य. पण मला तीच हवी होती आणि त्यात चूक काय?

हवी होती ॲबूची अँबॅसडर ६५०० सीटी मॅग. स्वीडनमधल्या स्वांगस्टाची जुनी कंपनी, गोल रील, पुळणीवरून लांब फेकणाऱ्यांमध्ये जगभर नाव आहे. पेनची स्क्विडरही डोक्यात होती, पण ती जुनी रील, पार्ट मिळायची मारामार. नवीन सीटी घेणं मला परवडणारं नव्हतं आणि आपल्याकडे दुकानात जाल तर समोर बेटकास्टर ठेवतात, म्हणजे हलकं आमिष फेकायची छोटी रील, त्यावर पाच औंस फेकायचं म्हणजे गिअरची वाट. म्हणून सेकंडहँड. आणि सेकंडहँड म्हटलं की ऑनलाइन, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

तिथे भेटलेल्या ह्या माणसाने सांगितलं मी मर्चंट नेव्हीत आहे, रील बाहेरून आणल्यात, आता परत बोटीवर चाललोय म्हणून काढतोय. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी बोटीवर असतो, त्यात संशय घ्यायचा कशाला? पैसे बायकोच्या खात्यात, आधार कार्डचा फोटो, "दुसरे दोन जण मागतायत पण तुम्ही खरे गरवणारे वाटता" हे सगळं झालं, त्यावर वेळ घालवत नाही, तुम्हाला ते पाठ आहे. (ते आधार कार्ड बहुतेक माझ्यासारख्याच कोणाचं तरी असणार. आता माझंही त्याच्याकडे आहे. कोणालाही आधार पाठवू नका, अगदी कोणालाही.)

मी फसलो ते ह्या सगळ्याने नाही. मी फसलो कारण त्याला विषय येत होता. मला म्हणाला, दादा सुरुवातीला मॅग्नेट (फेकताना स्पूलला ब्रेक लावतात ते) पूर्ण लावून ठेवा, हात बसला की हळूहळू कमी करा. म्हणाला, शॉक लीडर (फेकतानाचा झटका सोसायला पुढे बांधतात तो जाड तंगूस) औंसाला दहा पाउंड हिशोबाने धरा, पाच औंसाला पन्नास, आणि लीडरची गाठ स्पूलच्या कडेला बसवा, अंगठ्याखाली आली तर अंगठा फाडेल. प्रत्येक शब्द बरोबर! अशा माणसाला तुम्ही चोर समजाल? आता कळतंय की हे सगळं कुठल्याही व्हिडिओत ऐकून पाठ करता येतं, आणि ज्याला चार-पाच हजारांच्या वर लुटायचंय तो तेवढा अभ्यास करतोच.

आता तो क्षण. ह्याच्यावर मी इतक्या वेळा जाऊन आलोय की झोपेत पण दिसतो. ५,००० गेले होते, बाकीचे द्यायच्या आधी मी म्हटलं चालू रीलचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे बघा, मी मागितला होता, आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. त्याने पाठवला. स्पूल मोकळं करायचा क्लच दाबला, स्पूलला टिचकी मारली, स्पूल फिरत राहिलं, आवाज एकदम गुळगुळीत, आणि मी त्या फिरण्याकडेच बघत बसलो. पण शेवटी कॅमेरा जरा खाली आला तेव्हा स्पूलच्या पुढे लेव्हलवाइंड दिसलं. तो आडवा दांडा आणि त्यावर इकडून तिकडे जाणारी ती कडी, स्पष्ट. सीटीला लेव्हलवाइंड नसतंच! नसतं म्हणून तर लोक ती घेतात, तंगूस बाहेर जाताना मध्ये काही आड येत नाही आणि परत गुंडाळताना तुम्ही अंगठ्याने सारखा करत आणायचा. फोटोतल्या रीलला नव्हतं, व्हिडिओतल्या रीलला होतं. म्हणजे दोन वेगळ्या रील. एवढं सरळ होतं ते.

आणि मला ते दिसलं. मी विचारलं सुद्धा. तर म्हणाला, "दादा ते किट आहे, मी काढतो घालतो, तुम्हाला काढून पाठवतो." आता हे पण पूर्ण खोटं नाही, साध्या ६५०० चं लेव्हलवाइंड काढून मोकळी फ्रेम बसवायची किट मिळतात, लोक बसवतात, मला माहीत होतं. म्हणूनच पटलं. ज्याला काहीच माहीत नाही तो कदाचित अडून बसला असता, मला अर्धं माहीत होतं म्हणून मी त्याचं वाक्य स्वतःच पुरं केलं. पण कंपनीतूनच जी उघडी येते तिला कोण कशाला लेव्हलवाइंड बसवेल? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता तो १३,५०० गेल्यावर पडला.

नंतर फोटो नीट बघितले तर एकात हँडल डाव्या बाजूला. ६५०० उजव्या हाताची, डाव्या हाताची असेल तर नंबर ६५०१ असतो. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून ठेवला होता, म्हणजे गूगलवर शोधलं तर मूळ सापडू नये, आणि नाव कोरलेली प्लेट बरोबर बोटाखाली. आता तुम्ही असं काही बघितलं की पहिलं हँडल कुठल्या बाजूला ते बघा.

पार्सल आलं. उघडतानाचा व्हिडिओ मी काढलाय, पहिल्या टेपपासून, कट न करता. आत प्लास्टिकच्या बाजूंची ट्रोलिंगची (चालत्या बोटीमागे गळ ओढायची) रील, वर स्टिकर, स्पूल फ्रेमला घासतंय, स्टार ड्रॅग (तंगूस किती जोराने सुटावा ते ठरवणारा ब्रेक) पूर्ण आवळला तरी हाताने तंगूस ओढला जातोय. आणि लेव्हलवाइंड आहेच.

इथून पुढे जे झालं त्याचा राग मला त्या चोरापेक्षा जास्त आहे. बँकेत गेलो तर म्हणे तुम्ही स्वतः पिन टाकलाय. रिझर्व्ह बँकेचा तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य हा जो नियम सगळे फॉरवर्ड करतात ना, तो तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर आहे, तुम्ही स्वतः पाठवलेत तर नाही, हे नीट लक्षात ठेवा. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "वीस हजाराची रील? मोटर आहे का तिला?" आणि शेजारचे दोघं हसले. मी मासे धरायला गेलो म्हणून माझे पैसे पैसे नाहीत का? मग म्हणे वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग हा व्यवहारातला वाद, ग्राहक मंचात जा. ग्राहक मंचाचं विचारलं तर समोरच्याचा पत्ता लागतो, पार्सलवरच्या पत्त्यावर तसं कोणी राहत नाही. कुरिअरवाल्याकडे गेलो, पार्सल कुठल्या काउंटरवर दिलं, कोणी दिलं, कॅमेरा असेल ना, तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे कुरिअरकडून माहिती आणा मग बघू. ह्या दोघांच्या मध्ये मी किती रजा घालवल्या ते मला माहीत. परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर, परत गेलो तर खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे तक्रार करा. हे चूक आहे, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन कायद्यात, बीएनएसएस कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, आणि खराब वस्तू पाठवली आणि मुळात नसलेली वस्तू विकली ह्यात फरक आहे, दुसरं म्हणजे फसवणूक, आयपीसीचं जुनं ४२०, आता त्या जागी बीएनएस ३१८. हे मला तिथे कोणी सांगितलं नाही, ओळखीच्या वकिलाने सांगितलं. लेखी अर्ज दिला, पोच मागितली, पोच द्यायला पण तोंड वाकडं. ठाणं ऐकत नसेल तर एसपी ऑफिसला टपालाने अर्ज पाठवता येतो, मी पाठवलाय.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मात्र लगेच करा, त्याच तासात, ठाण्यात जायच्या आधी. पैसे त्या खात्यातून पुढे गेले नसतील तर तिथेच अडतात. मी पार्सल येईपर्यंत थांबलो कारण तोपर्यंत फसवणूक झालीये हे कळायचा मार्गच नव्हता, आणि मी फोन करेपर्यंत त्या खात्यात उरले होते ३४० रुपये. ते होल्ड झालेत. ते सोडवायलाही कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात.

रील घ्यायचीच असेल तर हातात घेऊन घ्या, गाडीभाडं घालून मालवणला नाहीतर डहाणूला जावं लागलं तरी जा, २१,१५० पेक्षा स्वस्त पडेल. बाजूची प्लेट हाताने फिरणाऱ्या स्क्रूंनी उघडते, विकणाऱ्याला तुमच्यासमोर उघडायला लावा, स्पूल बाहेर काढून बेअरिंगला मिठाचा हिरवा थर आहे का बघा. फूटच्या, म्हणजे रील काठीला बसते त्या पट्टीच्या, खाली बघा, गंज तिथून सुरू होतो आणि फोटोत कोणी दाखवत नाही. क्लिकर (तंगूस ओढला गेला की टकटक वाजतो तो) लावून बघा. स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवा, जरासं हललं पाहिजे, खडखडलं नाही पाहिजे. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉल, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नाही, कॉल, आणि तुम्ही सांगाल ते त्याने त्याच वेळी करायचं. कॅश ऑन डिलिव्हरीवर विसंबू नका, पैसे दिल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत. पाठवायच्या आधी "परत मिळणारे" पैसे मागितले की तिथेच ब्लॉक.

ज्यांना निळ्या बाजूंची ६५०० "बोटीवर चाललोय म्हणून काढतोय" सांगून विकली गेलीये किंवा विकायचा प्रयत्न झालाय त्यांनी मला मेसेज करा. पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि १९३० चा तक्रार नंबर असेल तर तो पण. दोघे अजून भेटलेत, खातं वेगळं आहे पण फोटो तेच, आणि तिघांचा अर्ज एकत्र एसपी ऑफिसला द्यायचं ठरलंय. जेवढे जास्त तेवढं त्यांना हा व्यवहारातला वाद म्हणणं अवघड जाईल.