थाळनेरच्या कबरी आणि दोन आयती

तापीकाठच्या थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींपाशी उभं राहिलं की कुराणातल्या दोन आयती, म्हणजे वचनं, मनात येतात. सातव्या सूरहमधली, म्हणजे अध्यायातली, 34वी सांगते, प्रत्येक समुदायाची मुदत ठरलेली. ती आली की घटकाभरही मागेपुढे होत नाही. तेराव्या सूरहमधली 11वी सांगते, लोक स्वतःला बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही.

पहिली गर्व उतरवते, पण नुसती तीच धरली तर माणूस हातपाय गाळून बसतो. मला दुसरी जवळची वाटते. 1601 साली फारुकींचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेला नि खानदेशची सल्तनत संपली. मुदत भरली, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. इतका बुलंद किल्ला असताना आतून काय पोखरलं होतं, हे विचारायला दुसरी आयत भाग पाडते.